आलेलं गिऱ्हाईक

ऑनलाइन दुकानाची विक्री मंदावली की मालकाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘जाहिरात वाढवू या.’ शंभर जण पानावर आले, दोघांनी खरेदी केली. उरलेले अठ्ठ्याण्णव कशामुळे परत गेले याचा पत्ता लागायच्या आतच एकशे एकाव्याला आमंत्रण धाडायची घाई सुरू होते. यात मालकाचा दोष फारसा नाही. जाहिरात डोळ्यांना दिसते, तिचे आकडे रोज मोबाइलवर उमटतात, तिचं बिल येतं. त्यामुळे ती केली की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. परत गेलेल्या माणसाचं बिल कुणी पाठवत नाही.

हिशेब मात्र साधा आहे. धरा, जाहिरातीतून एक माणूस पानावर आणायला ५ रुपये पडतात. शंभरातले दोघं खरेदी करत असतील, तर एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च २५० रुपये. तेच पान थोडं नीट लावलं आणि शंभरातले तिघं खरेदी करू लागले, तर हा खर्च १६७ रुपयांवर येतो. जाहिरातीत एक पैसाही न वाढवता विक्री दीडपट होते. शिवाय जाहिरात थांबली की तिचा ओघ थांबतो. पानाची डागडुजी एकदा केली की टिकते.

येवल्याला माझ्या मामाचं पैठणीचं दुकान आहे. त्याच्या वेबसाइटचं काम मी पुण्यात बसून पाहते. या कामातून जे उमगत गेलं ते काही साडीपुरतंच खरं नाही. पण पैठणीच्या निमित्तानं ते ठळक दिसतं, कारण ही हातात घेऊन, उलटसुलट करून घ्यायची वस्तू आहे, आणि तिची किंमत काही हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत जाते. एवढे पैसे चित्राकडे बघून टाकायचे तर माणसाला धीर लागतो. तो धीर कशानं येतो, हाच या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे.

दुकानात मामा हे कसं करतो ते बघण्यासारखं असतं. तो गिऱ्हाइकाला फार प्रश्न विचारत नाही. गादीवर पाच-सात पैठण्या उलगडतो. एखादीवर नजर थबकली की तिचा पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून उभा राहतो. मग साडी दाराशी नेतो आणि म्हणतो, ‘उजेडात बघा.’ मग न सांगताच पदर उलटा करतो. हातमागावरच्या पैठणीत पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. यंत्रमागावरच्या नक्षीत मागे मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात. समोरच्या गिऱ्हाईक ताई काही बोलत नाहीत, पण बोट फिरवून बघतात. मामाच्या प्रत्येक हालचालीत एका न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. अंगावर कशी दिसेल? दिव्याखाली दिसतो तोच रंग का? खरंच हातमागाची आहे ना?

वेबसाइटवर या सगळ्या हालचाली गळून पडतात. उरतो तो घडी घातलेल्या साडीचा एक चकचकीत फोटो, किंमत आणि एक बटण. दुकानात निघून जाणारं माणूसही काहीतरी सांगून जातं. ‘बघते, सासूबाईंना घेऊन येते’ म्हणाली तर किंमत मोठी वाटली. ‘यात दुसरा रंग नाही का’ म्हणाली तर वाण कमी पडलं. ऑनलाइन दुकानातून माणूस चकार शब्द न काढता जातो. म्हणून तिथे आधी ऐकण्याची सोय करावी लागते, विकण्याची नंतर.

सगळ्यांत स्वस्त सोय म्हणजे कुणाच्या तरी शेजारी बसून गप्प राहणं. आमच्या शेजारच्या काकूंना भाचीच्या लग्नासाठी पैठणी घ्यायची होती. त्यांनी फोनवर मामाची साइट उघडली आणि मी काही न सुचवता नुसती बघत राहिले. काकूंनी आधी दोन बोटांनी फोटो मोठा करून पदरावरचे मोर पाहिले. मग बोटानं फोटो डावीकडे, उजवीकडे सरकवला. पदराची मागची बाजू शोधत होत्या, ती नव्हती. मग विचारलं, ‘यात ब्लाऊजपीस आहे ना गं?’ ते पानावर लिहिलेलं होतं, पण फार खाली, इंग्रजीत, एका मिटलेल्या कप्प्यात, आणि तिथवर पोचायला सातवाहनांपासूनचा पैठणीचा इतिहास ओलांडावा लागत होता. काकूंनी तो ओलांडला. पुढे ‘७ ते १० बिझनेस डेज’ आलं. ‘म्हणजे लग्नाच्या आत येईल का नाही?’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. शेवटी साइटनं खातं उघडायला सांगितलं, आणि पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवं म्हणून हटून बसली. काकूंनी फोन बाजूला ठेवला. ‘राहू दे, रात्री सूनबाईकडून करून घेते.’

साइटच्या अहवालात याची नोंद एवढीच होणार: एक भेट, काही मिनिटं, खरेदी नाही. काकूंना साडी आवडली होती, पैसे काढून ठेवलेले होते, लग्नाची तारीख ठरलेली होती. अशा माणसाला आणखी जाहिरात दाखवून काय मिळणार?

त्यानंतरची कामं म्हटलं तर किरकोळ आहेत. फोटोंचा क्रम मामाच्या हातांच्या क्रमाप्रमाणे लावला: उलगडलेली साडी, नेसलेली साडी, काठ जवळून, पदर, पदराची उलटी बाजू. किमतीच्या लगेच खाली चार ओळी मराठीत: साडी साडेपाच मीटर, ब्लाऊजपीस आहे आणि किती आहे, हातमाग की यंत्रमाग, जर कशी आहे. केंद्रीय रेशीम मंडळाची ‘सिल्क मार्क’ची खूणचिठ्ठी जिला लावलेली आहे, तिच्या खूणचिठ्ठीचाही फोटो. इतिहास तळाशी गेला; ज्याला वाचायचा तो वाचतोच.

रंगाची गोष्ट अधिक बिकट होती. पैठणीत धूपछाँव नावाचा प्रकार असतो: उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. साडी हलली की रंग बदलतो. सावलीत जांभळी वाटणारी उन्हात लालसर दिसते. कॅमेरा यातला एकच रंग उचलतो, आणि मग पार्सल उघडून बाई म्हणते, ‘रंग वेगळा निघाला.’ तिचं खरं असतं आणि मामाचंही. यावर उपाय म्हणजे खिडकीशी, कुठलाही फिल्टर न लावता, साडी हळूहळू हलवत काढलेला काही सेकंदांचा व्हिडिओ, आणि खाली एक सरळ वाक्य की हिचे रंग दोन आहेत. या वाक्यामुळे काही जणी घेत नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. पण त्या जणी घेऊन परत पाठवणाऱ्यांतल्या असतात.

ऐकण्याची दुसरी सोय मामाच्या खिशातच होती. व्हॉट्सअॅपवर रोज प्रश्न येतात आणि तो सवडीनं उत्तरं देतो. ते प्रश्न एका वहीत उतरवत गेलं की दिसतं, प्रश्न शेकड्यांनी असले तरी त्यांच्या जाती मोजक्याच आहेत: रंग, ब्लाऊजपीस, अस्सलपणा, पोचण्याची तारीख, आवडली नाही तर काय. एकच प्रश्न पुन्हापुन्हा आला की समजायचं, त्याचं उत्तर पानावर नाही, किंवा आहे पण सापडत नाही. दुसरी शक्यता मालकाच्या लवकर लक्षात येत नाही, कारण त्याला ते कुठे आहे हे ठाऊक असतं.

शोधाच्या चौकटीत लोक काय टाइप करतात, हीसुद्धा एक वहीच आहे. बाया ‘चिंतामणी’, ‘डाळिंबी’, ‘मोरपिशी’, ‘गुलबक्षी’ असे रंग शोधतात. साइटवर तेच रंग इंग्रजी कॅटलॉगमधल्या नावांनी चढवलेले असतात. साडी कपाटात असते आणि पान म्हणतं, काही सापडलं नाही. ही नावं देवनागरीत आणि लोक टाइप करतात त्या रोमन लिपीतही साडीच्या नोंदीला जोडायला फार तर दुपार लागते.

पोचण्याच्या तारखेच्या बाबतीत आपल्या हाताशी एक जुनी, भक्कम व्यवस्था आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवीही. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालय. येवल्याचा ४२३४०१. गिऱ्हाइकाकडून हे सहा आकडे किमतीजवळच मागून घेतले, तर जिल्हा आणि राज्य आपोआप भरता येतं आणि ‘७ ते १० दिवस’ या मोघम बोलण्याऐवजी ‘गुरुवारपर्यंत मिळेल’ असं सांगता येतं. ज्याच्या घरी लग्न आहे त्याला तारीखच हवी असते. अमुक तारखेच्या आत पोचणार नसेल, तर तेही आधीच सांगितलेलं बरं.

खातं उघडायच्या सक्तीबद्दल या क्षेत्रात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. जॅरेड स्पूल या अमेरिकी तज्ज्ञानं २००९ मध्ये ती लिहिली. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात पैसे भरण्याआधी ‘नोंदणी करा’ असा अडथळा होता. दुकानवाल्यांना वाटे, ही गिऱ्हाइकाची सोय आहे. नव्यांना ती कटकट वाटे. जुन्यांना आपला पासवर्ड आठवत नसे. तो अडथळा काढून साधं ‘पुढे चला’ हे बटण आणि खातं सक्तीचं नाही एवढा खुलासा ठेवला. खरेदी पुरी करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली आणि पहिल्या वर्षी विक्रीत ३० कोटी डॉलरची भर पडली. आकडा आपल्याला लागू नाही, पण त्यामागची खोड लागू आहे: आपल्या सोयीला गिऱ्हाइकाची सोय म्हणायची. मोबाइल नंबर आणि पत्ता एवढ्यावर पार्सल जातं. मग जन्मतारीख कशाला हवी?

तसंच किमतीचं. डेन्मार्कमधली बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था बरीच वर्षं याचा अभ्यास करते आहे. तिच्या संकलनानुसार ऑनलाइन टोपलीत वस्तू टाकणाऱ्या दहांपैकी साधारण सात जण खरेदी पुरी करत नाहीत. त्यांतले पुष्कळ नुसतेच बघायला आलेले असतात. ते वगळले तर सर्वांत मोठं कारण निघतं ते शेवटच्या पायरीवर उगवलेला जादा खर्च. कुरिअरचे शंभर-दीडशे रुपये पंधरा हजारांच्या साडीपुढे काहीच नाहीत. तरी ते शेवटी दिसले की माणूस बिथरतो. त्याला शंका येते, आणखी काय काय लपवलं असेल? पहिल्याच पानावर ‘घरपोच एकूण इतके’ असं लिहिलं की किंमत थोडी मोठी दिसते, पण शंका उरत नाही.

वेगाबद्दल थोडक्यात. मोबाइलवरचं पान उघडायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ५३ टक्के भेटी तिथेच संपतात, असं गूगलनं २०१६ मध्ये मांडलं होतं. साडीच्या दुकानात याचं कारण बहुधा एकच असतं: कॅमेऱ्यातून काढलेले अवजड फोटो जसेच्या तसे चढवलेले. ते आक्रसून घेतले की निम्मं काम होतं.

इथपर्यंतचं सगळं एकेकट्या गिऱ्हाइकाचं झालं. पण पैठणी एकटं माणूस घेत नाही. नवरीची आई बघते, मावशीला पाठवते, परदेशातली नणंद मत देते, आणि निर्णय दोन आठवड्यांनी कुठल्यातरी फॅमिली ग्रुपवर होतो. साइटच्या हिशेबात या सगळ्या निरनिराळ्या, न फळलेल्या भेटी असतात. हे ध्यानात आलं की ‘आत्ताच घ्या’ असा आग्रह करण्यापेक्षा साडीचा दुवा नीट पाठवता येणं मोलाचं ठरतं. दुवा ग्रुपवर टाकला की तिथे दुकानाचं बोधचिन्ह दिसतं की त्या साडीचाच फोटो, नाव आणि किंमत? ही दोन ओळींची दुरुस्ती आहे. तिच्यामुळे मामाची साडी त्याच्या अपरोक्ष दहा घरांत उलगडली जाते.

मग येतो पैशांचा भरवसा. फ्लिपकार्टनं २०१० मध्ये ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली आणि ज्यांचा कार्डावर विश्वास नव्हता ते ऑनलाइन खरेदीला आले. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पैसे देणं सोपं झालं, तरी वस्तू हातात आल्यावरच पैसे देण्याची सवय टिकून आहे. कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली की ऑर्डरी झपकन वाढतात आणि कन्व्हर्जनचा, म्हणजे शंभर भेटींमागे किती ऑर्डरी याचा, आकडा सुखावतो. दहा दिवसांनी दारातून परत फिरलेली पार्सलं येऊ लागतात. कुरिअरवाल्यांच्या भाषेत ती ‘आरटीओ’ (रिटर्न टू ओरिजिन) झालेली असतात. जाण्यायेण्याचं भाडं दुकानदाराच्या अंगावर, साडी तेवढे दिवस अडकलेली, घडी विस्कटलेली. म्हणून ऑर्डर आणि विक्री यांत फरक करायला हवा. मोजायची ती हातात राहिलेली साडी. मामा आता रोखीच्या ऑर्डरीला फोन करतो, पत्ता पक्का करतो आणि महाग साडीला थोडी रक्कम आगाऊ घेतो. ऑर्डरींचा आकडा त्यानं खाली येतो. नफ्याचा येत नाही.

आकडा वाढवायचे दुसरेही मार्ग आहेत आणि ते सांगणारे लोक रोज भेटतात. ‘फक्त एकच नग शिल्लक’ असं कायम लिहून ठेवायचं. उलट मोजणारं घड्याळ लावायचं, ते संपलं की पुन्हा सुरू. फॉल-पिकोचे पैसे आधीच खूण करून टोपलीत घालायचे. ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमांनी २०२० मध्येच अशी आधीच केलेली खूण संमती म्हणून धरायला मनाई केली, आणि २०२३ च्या अखेरीस केंद्र सरकारनं अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादीच मार्गदर्शक तत्त्वांत घातली. खोटी घाई त्यात आहे, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं आहे, किंमत थेंबाथेंबानं उघड करणंही आहे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणूनही हे परवडत नाही. मामाच्या गावात एका घरात आई, मुलगी, नात अशा तीन पिढ्या त्याच गादीवर बसून गेलेल्या असतात. ज्या दुकानाची अर्धी विक्री ‘माझ्या बहिणीनं नेली होती’ या वाक्यानं सुरू होते, तिथे एका बाईला घाई करून विकलेली साडी पुढच्या चार घालवते.

लहान दुकानदारानं आकड्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी बाळगावी. मोठ्या कंपन्या पानाचे दोन नमुने एकाच वेळी दाखवून कुठला चालतो ते पाहतात. आपणही तसं करावं, असा सल्ला मिळतो. पण कन्व्हर्जन २ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर गेलं की नाही हे खात्रीनं कळायला संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबानं प्रत्येक नमुन्याला २०,००० च्या आसपास भेटी लागतात. एवढं गिऱ्हाईक येवल्याच्या एका दुकानाला मिळायला किती काळ जाईल! तोवर तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झालेली असते आणि विक्री तिच्या तिच्या कारणानं वाढते. पितृपक्षात पान कितीही सुंदर केलं तरी पैठणी खपत नाही. नवरात्र आलं की ओबडधोबड पानावरूनही खपते. म्हणून तुलना करायची ती गेल्या महिन्याशी नव्हे, गेल्या वर्षीच्या त्याच सणावाराशी. अधिक महिना आला असेल तर तोही धरून. बाकी काकूंसारख्या चार माणसांना शेजारी बसवून जे दिसतं, ते दिसायला वीस हजार भेटी लागत नाहीत.

जाहिरात करूच नये असं यातून निघत नाही. नव्या दुकानाला ओळख लागते आणि ओळखीला पैसे पडतात. पण क्रम महत्त्वाचा. पान उत्तरं द्यायला शिकलेलं नसताना आणलेली गर्दी तेच प्रश्न घेऊन तशीच परत जाते, आणि दुकानाबद्दलचा पहिला ग्रह तेवढा बिघडवून जाते. मामानं एक हंगाम जाहिरातीचा खर्च होता तेवढाच ठेवला आणि तो वाढवायला काढलेल्या पैशांत गावातल्याच एका मुलीला फोटो-व्हिडिओच्या कामावर ठेवलं. तिची आजी विणकर आहे; पदराची मागची बाजू कशी धरून दाखवायची हे तिला सांगावं लागलं नाही.

आणि तरीही काही प्रश्न पानावर कधीच सुटणार नाहीत. ‘माझा वर्ण सावळा आहे, यातली कुठली घेऊ?’ असं विचारणाऱ्या बाईला माणूसच हवं असतं. तिच्यासाठी फोन नंबर पानाच्या माथ्यावर ठेवला आहे आणि तो मामा किंवा मामी स्वतः उचलतात. फोनवर ठरलेली साडी कन्व्हर्जनच्या आकड्यात धरली जात नाही. मला त्याचं सुरुवातीला वाईट वाटे, कारण केलेलं काम अहवालात दिसत नसे. मामाला वाटत नाही. तो वहीत लिहितो, आणि विणकरांची मजुरी त्या वहीवरून चुकती होते.